अपघातग्रस्ताची ओढाओढ थांबवा

संपादक महोदय,

पूर्व द्रुतगती मार्गावर गाडी आदळली की दोन मिनिटांत दहा-पंधरा जण धावून येतात. ही तळमळ खरी असते. पण काखेत हात घालून जखमीला खेचले आणि मानेचा मणका मोडलेला असला, तर त्याचे हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. आग नसेल, गाडी पाण्यात नसेल आणि माणूस नीट श्वास घेत असेल, तर अग्निशमन दल येईपर्यंत त्याला जागचा हलवू नये.

फोन १०१ किंवा ११२ला करताना ‘माणूस आत अडकलाय’ हे आवर्जून सांगावे, म्हणजे पत्रा कापायची हायड्रॉलिक यंत्रे सोबत येतात. बाजूही सांगावी, ठाण्याकडची की शहराकडची. उलट बाजूला आलेली गाडी पुढच्या वळणापर्यंत अडकते.

मग हँडब्रेक ओढून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. उलटलेली गाडी, आत माणूस असताना, सरळ करण्याचा उत्साह नको.

सर्वाधिक गोंधळ विजेचा होतो. इग्निशन बंद करण्याआधी काचा खाली घ्याव्यात, दारांचे लॉक उघडावेत. बॅटरी सुटल्यावर यातले काही चालत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि खाली पेट्रोल सांडलेले असते. वायर काढल्यावरही न उघडलेल्या एअरबॅगमध्ये काही मिनिटे चार्ज राहतो, तिच्यासमोर वाकून उभे राहू नये. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या तोंडाचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करावा. बंद होत नसेल आणि गॅस फुसफुसत असेल तर लोकांना लांब न्यावे.

काच फोडायचीच तर जखमीपासून सर्वांत दूरची, दाराची, आणि कोपऱ्यात फोडावी. मध्ये मारलेला दगड बहुधा उसळून परत येतो. पुढची काच थरांची असते, ती तडकते पण गळून पडत नाही. एकाने मागच्या सीटवर बसून जखमीचे डोके दोन्ही तळव्यांनी, कानांच्या बाजूंनी, आहे तिथेच धरावे. बोलणाऱ्याने त्याच्या समोर उभे राहावे. बाजूने हाक मारली की तो मान वळवतो!

डॅशबोर्डखाली पाय अडकले म्हणून स्टीअरिंगला साखळी बांधून टेम्पोने ओढण्याचा प्रकार तर सर्वांत घातक. पाय तासाभराहून अधिक चेपलेला असेल तर दाब सुटताच स्नायूंतले पोटॅशियम रक्तात येते आणि हृदय बंद पडू शकते. डॉक्टर किंवा १०८चे पथक हजर हवे.

पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने अनेक जण मागे राहतात. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्ती नाही. हे लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत आवर्जून विचारले जावे. अपघातस्थळी अनेकदा आधी पोहोचणाऱ्या टॅक्सी-रिक्षाचालकांना याचे प्रशिक्षण द्यावे आणि द्रुतगती मार्गांलगतच्या पेट्रोलपंपांवर पाना, सीटबेल्ट कटर, लाकडी ठोकळे ठेवावेत.

– एक बचाव प्रशिक्षक, विक्रोळी, मुंबई