मावशी, तुम्ही तुमच्या तलंगा मला विकल्या नाहीत, त्याबद्दल

मावशी, हे तुम्हाला तुमची सून मोबाईलवर वाचून दाखवील. तोंडावर सांगायला आले की तुम्ही "राहू दे गं माय" म्हणून चहाच ठेवता आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

मागच्या दिवाळीनंतर मी तुमच्या शेतातल्या आखाड्यावर आलते ते पैसे घेऊनच आलते. ११ तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, होत्या तुमच्याकडं, लाल तुऱ्याच्या, अंड्यावर यायला टेकलेल्या, मला सगळ्याच पाहिजे होत्या. तुम्हाला तवा नातवाची फी भरायची होती हे मला लै नंतर कळलं. तरी तुम्ही म्हणलात, "ह्या नको नेऊ बाई, मागच्या महिन्यात ह्यांना घरघर येऊन गेलीय, वरून चांगल्या दिसतेत पर बरी झालेली कोंबडी आतून रोग घेऊन फिरती." पुढं मी जनावराच्या दवाखान्यात विचारलं तर डॉक्टरनी तेच सांगितलं, औषधानं कोंबडी सुधारते पण त्या घरघरीचा, म्हणजे श्वासाच्या रोगाचा, जंतू अंगात राहतो, दुसऱ्या पाखराला लागतो, अंड्यातून पिल्लात सुद्धा जातो. मी त्या ११ नेल्या असत्या तर माझं खुराडं पहिल्याच वर्षी कायमचं आजारी पडलं असतं. तुम्ही स्वतः त्या एकालाही विकल्या नाहीत, घरी खाऊन संपवल्या, हे मी डोळ्यानं बघितलं.

त्याच्या आधी मी आठवडी बाजारात गावरान म्हणून २० पिल्लं घेतली होती, आठ दिवसात १४ मेली आणि उरले ते सगळे पांढरे कोंबडे निघाले. तवा तुम्हीच समजावलं की अंड्याच्या कोंबड्यांच्या हॅचरीत नर पिल्लू कुणाला नको असतं, तेच रंग मारून बाजारात येतं. आणि कोणत्या गावची, कोणत्या रोगाची पाखरं एका डालग्यात कोंबलेली असतात काय माहीत. २०२१ च्या जानेवारीत आपल्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, पाखरं मारून पुरावी लागली, ते तुम्ही अजून विसरला नाहीत.

मला तर कडकनाथच पाळायचा होता, व्हिडिओ बघून बघून डोक्यात तेच बसलं होतं. तुम्ही एवढंच विचारलं, "अंडी खायाचीत, इकायचीत, का कोंबडा इकायचाय?" हा प्रश्न मला कोणत्याच व्हिडिओनं विचारला नव्हता. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ ला त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मटण काळं, जात चांगलीच आहे, पण वाढायला सावकाश, अंडी कमी, आणि आपल्या गावात त्याला त्याचा भाव देणारं गिऱ्हाईक कोण? मला रोज घरात अंडी पाहिजे होती आणि थोडी विकायची होती. म्हणून ग्रामप्रिया जास्त घेतली, वनराजा थोडी. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या, ग्रामप्रिया अंड्यासाठी, वनराजा अंडी आणि मांस दोन्हीसाठी. आणि ह्या काय आपल्या गावरानवानी अंडी उबवायला खुडूक बसत नाहीत, म्हणून दोन गावठी कोंबड्या सांभाळायच्या, अंडी त्यांच्याखाली ठेवायची, हे बी तुम्हीच सांगितलं. फक्त ग्रामप्रिया-वनराजाच्या अंड्यातून निघालेल्या पिल्लांकडून आईएवढ्या अंड्यांची आशा धरायची नाही.

मग तुम्ही गुडघे दुखत असताना माझ्यासोबत एसटीनं छत्रपती संभाजीनगरला आलात, सरकारी अंडी उबवणी केंद्रात. नंबर आधीच लावून ठेवला होता. तिथं तुम्ही ५० पिल्लं एकेक हातात घेऊन बघितली, मागचे लोक कुरकुर करत होते तरी घाई केली नाहीत. पिल्लू उताणं करायचं, झटक्यात सरळ झालं पाहिजे. डोळे टवटवीत, पाय चकाकते, ढुंगणाला शीट चिकटलेली नको. आणि बेंबी, बेंबी सगळ्यात आधी! अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात असतो, त्याच्यावर ते दोन दिवस दाणापाण्याशिवाय तगतं म्हणून तर एवढा प्रवास झेपतो, पण बेंबी ओली किंवा उघडी असली की तिथूनच जंतू शिरतो, बलक सडतो आणि पिल्लू हप्त्याभरात जातं. माझ्या बाजारातल्या १४ पिल्लांतल्या कितीतरींच्या बेंब्या ओल्या होत्या, मी बघून बी मला कळलं नव्हतं. तुम्ही ४ पिल्लं परत केलीत, बदलून घेतलीत.

घरी आल्यावर आधी गूळपाणी, मग दाणा. बल्बखाली पहिल्या हप्त्यात ३५ डिग्री, मग दर हप्त्याला तीनेक डिग्री कमी. मी थर्मामीटर आणला होता, तुम्ही म्हणलात पिल्लांकडं बघ, बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडंला पांगून तोंड उघडलं तर गरमी. रात्री लाईट गेली तवा तुमच्याकडून शेगडी आणली, खिडकी उघडी ठेवायची हे दोनदा बजावून देलं.

लसीचं तर काय सांगू. मानमोडी रोगाची लासोटा लस सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी परत लासोटा. एका बाटलीत १०० डोस आणि फोडली की तासा-दोन तासात संपवावी लागते, माझी ५० च पिल्लं. तुम्ही घरोघर जाऊन पाच जणींना गोळा केलंत, बर्फाच्या थर्मासात बाटली आणली, आणि एका सकाळी सगळ्या आळीच्या पाखरांना मानमोडीची लस झाली. त्या जणींनी तोपर्यंत कधी कोंबडीला लस दिली नव्हती.

५० पैकी ४६ जगली. २४ तलंगा, बाकी कोंबडे, ते आखाड महिन्यात चांगल्या भावानं गेले. साडेपाच महिन्यांनी पहिलं अंडं मिळालं, छोटंसं, तपकिरी, ते तुम्हालाच आणून देलं होतं, आठवतंय ना.

आता तुमचं खुराडं चुना मारून, ऊन खाऊन कित्येक महिने रिकामं आहे. माझ्या २४ मधल्या ११ तुमच्या आहेत, मोजून बाजूला ठेवल्यात, कुणाला विकल्या नाहीत, पैसे घेणार नाही. रविवारी या. आणि नेताना एकेक उलटून पालटून बघा, डोळे बघा, छातीला कान लावून घरघर ऐका. एखादी नको वाटली तर तशीच सांगा, मी दुसरी देईन.