हवालदार मामा, वहीबद्दल आभार

तीर्थस्वरूप मामांना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही ‘चहा सांग आधी’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. जुन्या वस्तूंच्या धंद्यातली आमची बाकीची मंडळीही वाचतील, हा दुसरा हेतू.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात येणारा माल बहुतेक घरातलाच. पेठेतला वाडा पाडून अपार्टमेंट उठतं, भाऊ-भाऊ फ्लॅटमध्ये जातात, आणि घंगाळ, हंडे, समया, लामणदिवे ठेवायला जागा उरत नाही. विकणारा घाईत असतो. त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं वाटतं, आणि या भिडेपायी आमच्या धंद्यात खरेदीच्या नोंदीची वही कोरी राहते. निवृत्तीनंतर तुम्ही दुकानात येऊन बसायला लागलात आणि ही भीड मोडलीत. “बँकेत आधार देताना कोण रागावतंय का? मग हितं कशाला रागावंल?” एवढंच म्हणालात.

वही तुम्हीच आखून दिलीत. पानांना आकडे, पान फाडायचं नाही, खोडायचं झालं तर एकच रेघ आणि शेजारी सही. तारीख, नाव, पत्ता, वस्तू, वजन, रक्कम, विकणाऱ्याची सही. आधारची प्रत घ्यायची ती शेवटचे चार आकडे दिसणारीच. हे कुणीही सांगितलं असतं. पण ‘भांड्यावरचं नाव’ हा रकाना तुमचाच. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालायची रीत. कुणी दिलं, कुठलं गाव, कधीकधी सालसुद्धा. ते जसं असेल तसं, वेलांटी चुकलेली असली तरी चुकलेलीच उतरवायची, हा तुमचा हट्ट. शिवाय माल आल्या आल्या पॉलिशला टाकायचा नाही, आधी फोटो.

त्या रकान्याचा उपयोग लवकरच कळला. एक जण मोठी पितळी समई घेऊन आला. आजीची म्हणाला. मी सवयीनं उलटी करून बघितली, तर बैठकीखाली कानशीनं घासलेला ताजा पट्टा, आणि कडेला ‘...चरणी अर्पण’ एवढंच उरलेलं. ओळखपत्र मागितलं. ‘गाडीत आहे, आणतो’ म्हणाला आणि समई काखेत मारून गेला तो गेलाच. तुम्हाला लगेच फोन केला, पुढचं तुम्ही बघितलंत. संध्याकाळी तुम्ही कायदा समजावलात: आधी भारतीय दंड संहितेचं 411 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 317. माल चोरीचा आहे हे माहीत असूनच घ्यायला पाहिजे असं नाही. तसं मानायला कारण असूनही घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. घासलेलं नाव हे कारणच की!

‘अँटिक’ हा शब्द आम्ही पाटीवर सर्रास लिहितो, त्यावरही तुम्ही टोकलंत. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची मूर्ती, नाणं, कलाकुसरीची वस्तू विकायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि परवाना घेतला की नोंदवही आणि फोटो ठेवणं बंधनकारक. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या कागदांना तर पंचाहत्तरच वर्षं पुरतात. म्हणून ती मोडी कागदांची पेटी घेऊन आलेल्या गृहस्थांना तुम्ही थेट पुराभिलेखागाराचा, म्हणजे जुन्या कागदांच्या सरकारी दप्तरखान्याचा, रस्ता दाखवलात. माझं गिऱ्हाईक गेलं, हे खरं. पण ते कागद पुड्या बांधायला गेले असते तर जास्त वाईट वाटलं असतं.

आमच्या जीएसटीवाल्या पोरालाही वही आवडली. जुन्या मालावर, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट (वजावट) घेतलं नसेल तर, खरेदी आणि विक्रीच्या फरकावर कर भरायची सोय आहे. त्यासाठी कुठलं भांडं कितीला घेतलं हे सापडायला लागतं. आता तो ‘विकलं कुणाला’ असा आणखी एक रकाना मागतोय.

वही संपत आली आहे. नवी आणून ठेवलीय, पण रेघा तुम्हीच मारा. माझ्या वाकड्या जातात. रविवारी बाजाराच्या गर्दीआधी या, चहा आधीच सांगून ठेवतो.

आपला,
लक्ष्मीपुरीतला जुनी भांडीवाला