‘लास्ट पोळा’ला ‘ऑन’ कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोळा जवळ आला की एस. टी. स्टँडपासून ग्रामपंचायतीपर्यंत फ्लेक्स लागतात आणि एखाद्यावर तरी ‘विश यू हॅपी पोळा’ हमखास असते. नुसते ‘हॅपी पोळा!’ चालले असते. पण ‘विश यू’ लावले की पुढे ‘अ’ हवाच: ‘विश यू अ हॅपी पोळा’. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते गळाल्याचे आपल्या कानाला कळत नाही.

फ्लेक्सचे एक वेळ सोडा. शाळेतही सणांची नावे म्हणजे प्रॉपर नाउन, पहिले अक्षर कॅपिटल, एवढ्यावर धडा आटोपतो. जात बरोबर सांगितली, पण ते नाव वाक्यात कोणते काम करते हे राहूनच जाते, आणि मुले चुकतात ती तिथेच.

‘दिवाळी व्हेकेशन’ घ्या. कोणती सुट्टी ते दिवाळी सांगते, म्हणून मुले तिला अ‍ॅडजेक्टिव्ह ठरवतात. मागे ‘व्हेरी’ लावून पाहा. ‘व्हेरी लाँग व्हेकेशन’ जमते, ‘व्हेरी दिवाळी व्हेकेशन’ जमत नाही. म्हणजे दिवाळी नाउनच, फक्त काम विशेषणाचे. आपला ‘दिवाळी अंक’ याच घडणीचा. ‘दिवाळीची सुट्टी’ मनात धरून दिवाळीला अपॉस्ट्रॉफी एस जोडायची गरज नाही. व्हेकेशनचा व्ही लहान, कारण तो सणाच्या नावात नाही. ‘इंडिपेन्डन्स डे’मधला डी मात्र मोठा.

खरा घोळ ‘ला’ आणि ‘त’चा. पोळा, पोळ्याला, मराठीत नावच रूप बदलते. इंग्रजीत नाव आहे तसेच राहते आणि सगळा भार प्रिपोझिशनवर येतो. ‘त’ म्हणजे ‘इन’ असे घोकलेले पोर ‘दिवाळीत’चे ‘इन दिवाळी’ करून मोकळे होते. सण एका दिवसाचा असेल तर ‘ऑन’: ‘ऑन पोळा’, दुसऱ्या दिवशी ‘ऑन तान्हा पोळा’. नावात ‘डे’ असेल तर ‘ऑन’शिवाय दुसरे काहीच नाही. चार-पाच दिवसांचा काळ असेल तर ‘अ‍ॅट दिवाळी’ किंवा ‘ड्युरिंग दिवाळी’. इंग्रजही ‘अ‍ॅट ख्रिसमस’ म्हणतात ते नाताळच्या दिवसांत या अर्थी, आणि ‘ऑन ख्रिसमस डे’ म्हणजे नेमके २५ डिसेंबरला. ‘इन द दिवाळी व्हेकेशन’ बरोबर आहे, पण त्यातले ‘इन’ आणि ‘द’ दोन्ही व्हेकेशनचे, दिवाळीचे नव्हेत. आणि मागे लास्ट, धिस, नेक्स्ट आले की प्रिपोझिशन पूर्ण गळते: ‘ही केम होम लास्ट दिवाळी’.

अपॉस्ट्रॉफीचेही तसेच. ५ सप्टेंबरच्या ‘टीचर्स डे’ला ती एसच्या नंतर, कारण शिक्षक अनेक. १४ नोव्हेंबरच्या ‘चिल्ड्रन्स डे’ला एसच्या आधी, कारण चिल्ड्रन मुळातच अनेकवचन. ‘महाराष्ट्र डे’, ‘रिपब्लिक डे’ यांना मुळीच नाही. ‘मदर्स डे’ला एसच्या आधी, म्हणजे एकच आई, तो दिवस अमेरिकेत रुजवणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांचा याच एकवचनावर आग्रह होता.

फळ्यावर एकाच पोळ्याची चार वाक्ये लिहावीत: ‘पोळा इज ऑन मंडे’, ‘वी सेलिब्रेट पोळा’, ‘द पोळा मार्केट वॉज क्राउडेड’, ‘वी मेट लास्ट पोळा’. पहिल्यात तो कर्ता, दुसऱ्यात कर्म, तिसऱ्यात विशेषणाचे काम. चौथ्यात ‘लास्ट पोळा’ मिळून क्रियाविशेषणाचे काम. मुलांना जात नव्हे, काम विचारावे. चौथ्या वाक्यात कोणी ‘ऑन’ घालायला उठलेच, तर पुढच्या धड्याची घाई न करता ‘लास्ट’ पुसून दाखवावा. तो गेला की ‘ऑन’ आपोआप परत येतो.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती