परवानगी देण्यापूर्वी थोडे थांबा

महोदय,

२८ जानेवारी हा दिवस अनेक देशांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९८१ मध्ये याच तारखेला युरोप परिषदेचा या विषयावरील करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. त्यानंतर कायदे बरेच झाले. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमांनुसार तर कंपनीला जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पण संमतीचे बटण दाबणारे बोट आपलेच असते आणि ते नेहमी घाईत असते.

मध्यंतरी मी मोबाइलवर विजेरीचे एक अ‍ॅप घेतले, तेव्हा त्याने पहिल्याच पडद्यावर माझ्या संपर्क यादीची परवानगी मागितली. उजेड पाडायला त्याला माझ्या नातेवाइकांचे क्रमांक कशाला हवेत, हे मला आजही उमगलेले नाही. त्या यादीत डॉक्टर, जुने सहकारी, शेजारी अशी कितीतरी माणसे असतात. मी ‘होय’ म्हणताच त्यांची माहितीही जाते आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. छायाचित्रांचेही तसेच: अनेकदा ते कोठे आणि केव्हा टिपले याची नोंद त्या फाइलमध्येच दडलेली असते.

आधी दिलेल्या परवानग्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन काढून घेता येतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. आपण ही पद्धत सचित्र छापावी, ही विनंती.

– एक वाचक