फ्रीजवरचा डबा

ति. आई,
सा.न. (लिहिलंय हं, आजोबांना वाचून दाखव.) पार्सल मिळालं, शेंगदाण्याची चटणी लॅबमधल्यांनी दोन दिवसांत फस्त केली.

काल कॉलवर बाबा सहज बोलून गेले ना, घसा धरला होता, फ्रीजवरच्या डब्यातली उरलेली अझिथ्रोमायसिन, म्हणजे अँटिबायोटिक, घेतली, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडली, तेव्हा मागे बॉस उभा होता म्हणून मी गप्प बसले. पण अगं घसा बहुतेक वेळा व्हायरसने धरतो, त्याला ही गोळी ढिम्म काही करत नाही, उलट पोटातले साधे बॅक्टेरिया मरतात आणि चिवट तेवढे उरतात, मग त्यांचंच राज्य.

आणि इथे बॉस्टनमध्ये तुझी लेक नवीन औषधासाठी दिवसभर माती चिवडतेय. पहिल्या पावसात जो वास येतो ना, तो मातीतल्या ज्या बॅक्टेरियांचा, स्ट्रेप्टोमायसिसचा, त्यांनीच आपल्याला निम्मीअधिक अँटिबायोटिक्स दिली. आजोबांना विचार, पिंपरीच्या एच.ए.मध्ये (हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये) हमायसिन निघालं (ते बुरशीवरचं औषध), ते ज्याच्यातून आलं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! मी हे इथे सगळ्यांना सांगत सुटते, कोणाला काही पडलेली नसते.

अडचण अशी की मातीतले बहुतेक बॅक्टेरिया डिशमध्ये वाढतच नाहीत, शंभरातला एखादा, बाकीच्यांना घरचंच जेवण लागतं. म्हणून इथल्याच नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी काय केलं, बारीक भोकांची पट्टी, भोकात एकेक बॅक्टेरिया, दोन्हीकडून पातळ पडदा, आणि पट्टी परत मातीतच पुरली. त्यातून टेक्सोबॅक्टिन हे नवीन अँटिबायोटिक मिळालं, २०१५ ला जाहीर झालं, दुकानात अजून नाही.

माझं म्हणशील तर मागच्या आठवड्यात एका डिशमध्ये जंतूंच्या पांढुरक्या सायीत मस्त गोल, स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तिथले मेले! दोन रात्री झोप नाही. तपासलं तर निघालं स्ट्रेप्टोथ्रिसिन, १९४२ सालीच सापडलेलं. हे असंच चालतं, दर वेळी कोणीतरी जुनंच दार उघडतं.

तर आता तो डबा खाली काढ. बाबांना सांग, डॉक्टरला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक नाही, आणि दिलंच तर सांगितले तितके दिवस. रविवारी कॉल करशील तेव्हा डबा कॅमेऱ्यासमोर धर, मी एकेक स्ट्रिप बघणारे. चटणी जरा तिखट पाठव या वेळी.

तुझी,
चिमी