येशू सरळ का सांगत नाही?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

येशूने शिकवण सरळ सांगायची सोडून दृष्टांत कशाला सांगितले, हा तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढ. 'शेजाऱ्यावर प्रेम कर' या आज्ञेवरून एक शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो, "माझा शेजारी कोण?" त्याला हद्द आखून हवी आहे: प्रेम कुणावर करायचं आणि कुणावर नाही केलं तरी चालेल. येशू त्याला गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलंय. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, त्याला बघून पलीकडून निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तेच करतो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या लोकांशी यहुदी संबंधही ठेवत नसत. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, काढून देतो. वर सांगतो, जास्त लागले तर परत येताना फेडीन.

आता येशूच विचारतो, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण ठरला? शास्त्री म्हणतो, "ज्याने त्याच्यावर दया केली तो." 'शोमरोनी' म्हणणं त्याच्या जिवावर आलं असावं, असं मला दर वेळी वाटतं. पण उत्तर त्यानेच दिलं, आणि आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर खोडायचं कसं? सरळ उपदेश केला असता तर तो वाद घालत बसला असता.

ही रीत येशूच्या आधीचीही आहे. दावीद राजाने आपल्या एका सैनिकाची बायको बळकावली होती, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. ती हिसकावणाऱ्या श्रीमंतावर राजा भडकतो, त्याला मरणदंड योग्य म्हणतो, तेव्हा नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस."

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मात्र बाहेरच्यांना ऐकूनही समजू नये म्हणून दृष्टांत, असं वचन आहे. ते मला बोचतं, आणि त्याची सारवासारव मी करणार नाही.

लूकच्याच पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात धाकटा मुलगा वाट्याची मालमत्ता उधळून घरी परततो आणि बाप आनंदाने मेजवानी देतो; पण मला थोरला भाऊ जास्त अस्वस्थ करतो. घरात मेजवानी चाललीय आणि हा रुसून बाहेर. बापाला म्हणतो, "हा तुझा मुलगा". बाप उत्तरात म्हणतो, "हा तुझा भाऊ". येशू पाप्यांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणारे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, समोरच ऐकताहेत. थोरला आत गेला की नाही, ते येशू सांगतच नाही. ते त्या परूश्यांनी ठरवायचं होतं.

लूकचा पंधरावा अध्याय एकदा मोठ्याने वाच आणि थोरल्याची बाजू तुला पटते का ते कळव. पत्राची वाट बघतो.

तुझाच,
मित्र