सीटी मशीन घेता, मग स्कॅन सांभाळायला माणूस का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये नवे सीटी किंवा एमआरआय मशीन बसले की फीत कापल्याची बातमी येते. मशीन किती स्लाइसचे (एका फेरीत शरीराचे किती काप टिपणारे), स्कॅन किती मिनिटांत, हे सगळे त्यात असते. पण निघालेला स्कॅन कुठे राहणार, दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनशेजारी तो उघडणार का, रात्री सर्व्हर बसला तर कोण धावणार, हे कुणी विचारत नाही. हे काम पॅक्स ॲडमिनचे. स्कॅन साठवून ठेवणारी, मागितला की शोधून डॉक्टरांच्या स्क्रीनवर आणणारी यंत्रणा म्हणजे पॅक्स. कित्येक ठिकाणी ती प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या नाहीतर टेक्निशियनच्या गळ्यात मारलेली असते. त्याचा फटका पेशंटला बसतो, म्हणून हे पत्र.

चूक सुरू होते रिसेप्शनवर. 'ज्ञानेश्वर' हे नाव एका काउंटरवर इंग्रजी 'डी'ने लिहितात, दुसऱ्यावर 'जी'ने. त्यात पेशंट आयडी दर वेळी नवा दिला की एकाच माणसाची दोन माणसे होतात आणि जुना स्कॅन असूनही सापडत नाही. फुप्फुसातली गाठ वाढली की तेवढीच आहे, हे मग डॉक्टरांनी कशावरून ठरवायचे? उपाय जुनाच आहे: मोडॅलिटी वर्कलिस्ट. नाव, आयडी, ॲक्सेशन नंबर (त्या तपासणीचा क्रमांक) नोंदणीच्या संगणकावरून थेट मशीनच्या कन्सोलवर, म्हणजे टेक्निशियनच्या संगणकावर यावेत. टेक्निशियनने फक्त यादीतली ओळ निवडावी, हाताने काही टाइप करू नये.

पण वर्कलिस्ट असूनही एक चूक होते आणि ती जास्त घातक आहे. रात्रीची वेळ, महामार्गावरच्या अपघाताचे पेशंट आलेले, यादीत दोन 'पवार' एकाखाली एक. एक ओळ चुकते आणि एका पवारांचा मेंदू दुसऱ्या पवारांच्या नावावर जातो. सकाळी कुणीतरी पॅक्समध्ये नाव बदलतो आणि काम झाले असे समजतो. झालेले नसते. तोच स्कॅन चुकीच्या नावाने मशीनच्या कन्सोलवर आहे, थ्रीडी वर्कस्टेशनवर आहे, बाहेरगावच्या रिपोर्टिंग डॉक्टरांकडेही आहे. दोन दिवसांनी कुणी 'प्रतिमा परत पाठवा' म्हणाले की कन्सोलवरून जुने नाव पुन्हा पॅक्समध्ये येते. म्हणून दुरुस्ती सगळ्या जागी व्हावी, रिपोर्टिंग डॉक्टरांना फोन जावा, निघालेला रिपोर्ट रद्द व्हावा आणि कुणी, किती वाजता, काय बदलले हे रजिस्टरमध्ये चढावे. कोणता स्कॅन कुणाचा, हे अंदाजाने ठरवू नये. स्कॅन करणारा टेक्निशियन, केसपेपरवरची वेळ आणि असलाच तर जुना स्कॅन, तिन्ही जुळले तरच नाव बदलावे. आधी डोक्याला ऑपरेशन झालेले असेल तर कवटीवरची खूण नावापेक्षा खरे सांगते.

दुसरी गोष्ट, पाठवलेला स्कॅन पूर्ण पोहोचला का? सीटीची एक प्रतिमा 512 गुणिले 512 ठिपक्यांची, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. हजार प्रतिमा म्हणजे 500 एमबी. सुरगाणा, पेठसारख्या ठिकाणी अपलोडचा वेग 2 एमबीपीएस (सेकंदाला पाव एमबी) मिळत असेल तर दाबून (कॉम्प्रेस करून) न पाठवता एवढ्यालाच अर्धा तास लागतो. कनेक्शन घेताना डाउनलोडचा आकडा दाखवतात, आपल्याला अपलोडचा हवा. मध्येच लाइन तुटली की कन्सोलवर 842 प्रतिमा आणि सर्व्हरवर 790 अशी गत होते. डॉक्टर 790 वरच रिपोर्ट देतात, कारण 52 कमी आहेत हे त्यांना दिसतच नाही. दोन्हीकडचा आकडा जुळल्याशिवाय स्टडी (एका तपासणीच्या सगळ्या प्रतिमा) 'पूर्ण' धरू नये. कन्सोलची डिस्क भरली की ते जुने स्कॅन आपोआप पुसते. म्हणून 'स्टोरेज कमिटमेंट' चालू हवे: सर्व्हरने 'माझ्याकडे सुरक्षित आहे' असे कळवल्यावरच पुसायचे.

'एको लागतोय, म्हणजे लाइन ठीक आहे' हे वाक्य रोज कानावर येते. डायकॉम म्हणजे स्कॅन साठवायची-पाठवायची ठरलेली पद्धत, आणि एको म्हणजे तिच्यातली चाचणीची हाक. ती लागली म्हणजे पलीकडे कुणीतरी ऐकते आहे, एवढेच कळते. डिस्क भरली असेल किंवा नव्या मशीनचा प्रतिमा-प्रकार सर्व्हरला मान्य नसेल, तर एको लागूनही एकही प्रतिमा जात नाही. एकोच लागत नसेल तर आधी एई टायटल, म्हणजे डायकॉममधले त्या यंत्राचे नाव पाहावे. ते जास्तीत जास्त 16 अक्षरांचे असते आणि लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. राउटर बदलल्यावर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलला नाही ना, हेही पाहावे.

साठवणुकीचा हिशेब कागदावर मांडला तरी डोळे उघडतात. दिवसाला 25 सीटी, प्रत्येकी 500 एमबी, वर्षाचे 300 दिवस: पावणेचार टीबी, तेही एकाच प्रतीचे. दोन डिस्कवर एकदम लिहिणारी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसले किंवा खंडणीचा व्हायरस शिरला तर दोन्हीकडचे एकदम जाते. एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, आणि दर महिन्याला एक जुना स्कॅन त्या प्रतीतून उघडून पाहायला हवा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये. मशीन जड, म्हणून ते तळघरात किंवा तळमजल्यावर, ठीक आहे. पण सर्व्हर तिथे ठेवायचे काहीच कारण नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले हे पाहून पुराचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या गावात, नदीकाठच्या इमारतीत तरी तो वरच्या मजल्यावर हवा. त्याला स्वतःचा यूपीएसही हवा. वीज अचानक गेली की डेटाबेस बिघडू शकतो; मग प्रतिमा डिस्कवर असूनही यादीत दिसत नाहीत.

पेशंट आणि नातेवाइकांसाठीही थोडे. फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून दुसरे मत मागू नका. सीटीच्या मूळ प्रतिमेत 4096 छटा मावतात, फोटोत 256. मेंदूसाठी एक विंडो (कोणत्या छटा दाखवायच्या तो टप्पा) लागते, फुप्फुसासाठी दुसरी, आणि फिल्मवर जी छापली तेवढीच उरते. मूळ डायकॉम प्रतिमा मागा, पातळ स्लाइससह. सीडीत 700 एमबी मावते, दीड हजार स्लाइसचा स्कॅन मावत नाही, म्हणून काही ठिकाणी फक्त जाड स्लाइस देतात. अशा वेळी पेनड्राइव्ह मागा. काउंटर सोडण्याआधी तिथल्याच संगणकावर उघडून नाव, तारीख आणि प्रतिमांची संख्या बघा. दाखल पेशंटची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपावीत आणि मागणी आल्यापासून 72 तासांत द्यावीत, असे वैद्यक परिषदेचे 2002 चे नियम सांगतात.

महापालिका, जिल्हा रुग्णालय आणि खासगी संचालक, सगळ्यांना विनंती एकच: मशीनच्या खरेदीतच पॅक्स ॲडमिनचा पगार, दुसऱ्या जागेवरची साठवणूक आणि रात्रीचा फोन उचलणारा माणूस धरा. करार संपल्यावर सर्व प्रतिमा प्रमाणित डायकॉममध्ये, वेगळे पैसे न घेता परत मिळतील, हे कलम सही करण्याआधी घालून घ्या. दहा टीबी प्रतिमा 100 एमबीपीएसच्या लाइनवरून अखंड काढल्या तरी नऊ दिवस लागतात. तेवढे दिवस जुना सर्व्हर चालू ठेवायची अटही त्याच कलमात हवी.

आपले,
इमेजिंग यंत्रणा सांभाळणारे काही कर्मचारी, नाशिक